एल्सिकार: अर्लसाहेबांच्या बागेमागचं पंपघर, भट्ट्या आणि खाणी

डोंगरकडा:

शेफील्डला राहायला आल्यापासून "वेंटवर्थ वुडहाउस पाहिलंस का?" हे जो तो विचारतो. पाहिलं. ६०६ फूट लांबीची दर्शनी बाजू एका फोटोत मावत नाही, आत तीनशेच्या वर खोल्या, आणि त्यावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. हा धागा त्या वाड्याचा नाही. वाड्यापासून तीनेक किलोमीटर चालत गेलं की एल्सिकार लागतं. वाड्याच्या मालकांनी तिथे कोळशाच्या खाणी, लोखंडाच्या भट्ट्या, वर्कशॉप आणि कामगारांच्या चाळी असा सगळा संसार थाटला होता. त्यातलं जे उरलंय ते बघायला गेलो होतो. वाड्याला गर्दी असते, इथे जेमतेम चार टाळकी.

आधी घराण्याचं थोडं. रॉकिंगहॅमचा दुसरा मार्क्विस दोनदा ब्रिटनचा पंतप्रधान होता. अमेरिकन वसाहतींवरचा स्टँप ॲक्ट १७६६ साली मागे घेतला तो त्याच्याच सरकारने. १७८२ मध्ये तो निपुत्रिक वारला आणि जहागीर भाच्याकडे गेली. हा भाचा म्हणजे चौथा अर्ल फिट्झविल्यम. वाडा त्याच्या आधीच बांधून झालेला होता, म्हणजे तो कोळशावर उभा राहिलेला नाही. पण असलं धूड नुसत्या शेतसाऱ्यावर पोसणं अवघड. पुढची दीडशे वर्षं त्याचा खर्च बऱ्याच अंशी जमिनीखालून निघाला.

आपल्या डोक्यात जमीनदार म्हणजे खाण भाड्याने देणारा आणि टनामागे स्वामित्वधन घेणारा असं चित्र असतं. इंग्लंडमध्येही बहुतेक ठिकाणी तसंच होतं. फिट्झविल्यम मंडळींनी मात्र खाणी स्वतः चालवल्या. त्यांचे व्यवस्थापक, त्यांचे सुतार-लोहार, त्यांच्याच हिशेबाच्या वह्या. कंपनी म्हणावी तर नाही, वाड्याचंच आणखी एक खातं म्हणा, जसं तबेल्याचं तसं खाणीचं.

गावात सगळ्यात भाव खाऊन जातं ते न्यूकोमेन इंजिन, खाणीतलं पाणी उपसणारं जुन्या पद्धतीचं वाफेचं यंत्र. वर्ष १७९५. बाहेरून बघितलं तर दगडी, उंच, अरुंद घर. वरच्या मजल्याच्या भिंतीतून एक अजस्र लोखंडी तुळई अर्धी बाहेर आलेली. तुळईचं आतलं टोक पिस्टनला, बाहेरचं टोक शाफ्टमध्ये (खाणीच्या उभ्या विहिरीत) उतरणाऱ्या पंपाच्या दांड्यांना. मूळ तुळई लाकडी होती, लोखंडी आली १८३६ मध्ये. सिलिंडर ४८ इंचांचा, तोही १८०१ मध्ये बदललेला. जिना इतका चिंचोळा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचं. वर पोचल्यावर ती तुळई हाताच्या अंतरावर दिसते. कास्टिंगचा खडबडीतपणा, बोल्टांची डोकी, रंगाचे थरावर थर. जगात आपल्या मूळ जागी उभं असलेलं न्यूकोमेन इंजिन हे एकच. बाकीची संग्रहालयांत जाऊन बसली. हेन्री फोर्डला हे आपल्या संग्रहालयासाठी विकत हवं होतं असं गावात सांगतात.

चालतं कसं? वाफ सिलिंडरमध्ये भरायची, मग आत गार पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला खाली रेटतो. म्हणजे खरं काम हवा करते, वाफ फक्त जागा करून देते. दर खेपेला सिलिंडर तापवायचा आणि परत गार करायचा, त्यामुळे कोळसा भसाभस लागतो. तरी हे यंत्र १९२३ पर्यंत खाणीतलं पाणी उपसत होतं. मग विजेचे पंप आले. १९२८ च्या पुरात त्या पंपांनी मान टाकली तेव्हा पुन्हा याच म्हाताऱ्याला कामाला जुंपलं. २०१४ मध्ये दुरुस्ती पुरी झाली. आता फेरीच्या वेळी तुळई हलवून दाखवतात, पण ती हायड्रॉलिकवर. खरी वाफ नाही. मला ते थोडं लागलं, पण इतक्या जुन्या ओतीव लोखंडावर कोण जोखीम घेणार?

लोखंडाच्या भट्ट्याही १७९५ च्याच. सुरुवातीला भाडेकरू चालवत होते, ते बुडाल्यावर १८२७ मध्ये अर्लने कारखाना ताब्यात घेतला, १८४९ पासून पुन्हा भाड्याने. १८८४ ला बंद. भट्ट्यांच्या जागी आज फारसं काही उभं नाही. मोठी शेड मात्र आहे, तिथे आता लग्नं आणि बाजार भरतात. शेजारची १८५० च्या सुमाराची वर्कशॉपं शाबूत आहेत, जुन्या वस्तूंची दुकानं आणि कॅफे त्यांत थाटलेत. ही इस्टेटची मध्यवर्ती कार्यशाळा होती. खाणीत वरखाली करणारे पाळणे, चाकं, दारं, पंपाचे भाग, सगळं इथे बनायचं. आवारातच अर्लचं खासगी स्टेशन आहे, १८७० चं. डॉनकास्टरच्या सेंट लेजर शर्यतीला पाहुणे इथून गाडीत बसत. शर्यतीला जाता जाता पाहुण्यांना आपला कारखानाही दाखवायचा, यात लाज नव्हती, उलट मिरवणं होतं. हे मला फार रोचक वाटलं.

खरे अवशेष बघायचे तर कालव्याच्या काठाने हेमिंगफील्डला जा. एल्सिकार लो पिट नावाची ही खाण १८४० च्या दशकात खोदली. १८५२ च्या डिसेंबरात इथे वायूचा स्फोट होऊन दहा माणसं गेली. कोळसा काढणं थांबल्यावरही आसपासच्या चालू खाणी बुडू नयेत म्हणून कित्येक दशकं इथून पाणी उपसत राहिले. शेवटी जागा पडीक झाली. २०१४ मध्ये स्थानिक लोकांनी मंडळ काढून ती विकत घेतली आणि आता शनिवार-रविवारी झाडोरा काढत, विटा साफ करत असतात. तिथे दुकान नाही, कॅफे नाही, पाट्याही जेमतेम. हेडगिअर (शाफ्टवरचा चाकांचा सांगाडा), इंजिनघराच्या भिंती आणि दगडी आधारभिंतीतून बाहेर आलेली झाडांची मुळं.

आता वाड्याचा शेवट. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात कोळशाची टंचाई. १९४६ मध्ये इंधनमंत्री मॅनी शिनवेल यांनी वाड्याच्या उद्यानात ओपनकास्ट, म्हणजे जमीन वरूनच उकरायची, खाण काढायचा हुकूम दिला. पश्चिमेच्या दारापर्यंत बाग उकरली गेली. शेफील्ड विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी सांगितलं की हा कोळसा काढण्याच्या लायकीचा नाही. यॉर्कशायरच्या खाणकामगारांचे अध्यक्ष ज्यो हॉल यांनीही विरोध केला, कारण ही बाग आसपासच्या गावांची फिरायची जागा होती. मंत्री समाजवादी, विरोधक कामगार संघटना, आणि बाजू कुणाची तर अर्लची! शिनवेल बधले नाहीत. १ जानेवारी १९४७ ला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि घराण्याचं खाणीचं खातं कायमचं मिटलं.

फोटो सवडीने टाकतो.

शेंगदाणे:

भारी! पुढचा भाग येऊ द्या. आणि फोटोशिवाय असले धागे काढणाऱ्यांना दंड ठोठावावा अशी संपादकांना विनंती.

खाणवाला_चंद्रपूर:

वाचून मन खाणीत गेलं. आयुष्य भूमिगत खाणीत काढलं, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक, १७९५ मध्ये न्यूकोमेन का? तेव्हा वॉटचं इंजिन बाजारात येऊन वीसेक वर्षं होत आली होती. वॉटने कंडेन्सर, म्हणजे वाफ गार करायची जागा, सिलिंडरपासून वेगळा काढला, त्यामुळे सिलिंडर गरमच राहतो आणि कोळसा पुष्कळ वाचतो. पण त्याचं पेटंट १८०० पर्यंत होतं, आणि बोल्टन-वॉट कंपनी वाचलेल्या इंधनाच्या किमतीचा तिसरा हिस्सा मागायची. कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींना कोळसा जहाजाने आणावा लागे, त्यांना हे परवडलं (तरी भांडले ते भांडलेच). इथे इंजिन खाणीच्या तोंडावर. बाजारात न विकली जाणारी चुरी भट्टीत टाकायची. इंधन फुकट असेल तर काटकसरीच्या यंत्राला कोण विचारतो? म्हणजे हे इंजिन मागासलेलं नव्हतं, हिशेबी होतं.

दोन, तुम्ही बेंजामिन बायरमचं नाव घेतलं नाहीत! फिट्झविल्यमच्या खाणींचा हा मुख्य व्यवस्थापक. हवेचा वेग मोजायचा त्याचा अ‍ॅनिमोमीटर १८४० च्या दशकातला. आम्ही वायुवीजनाच्या पेपरला त्याची आकृती काढत होतो, चाकावर तिरपी पाती आणि मध्ये तबकडी. खाणीत वारा किती फिरतो हे आधी अंदाजाने किंवा दारूचा धूर सोडून बघायचे, या उपकरणाने आकडा दिला. हा माणूस अर्लच्या पगारावर होता आणि याच खाणींत काम करत होता हे मला आज कळतंय.

डोंगरकडा:

काका, प्रतिसाद नव्हे, लेखच आहे हा! बायरमचं नाव हेमिंगफील्डच्या मंडळींकडून ऐकलं होतं, त्याने पंखा लावून हवा खेळवण्याचे प्रयोग तिथे केले म्हणून. पण परीक्षेत आकृती काढलेला माणूस या धाग्यावर भेटेल असं वाटलं नव्हतं. दारूचा धूर म्हणजे बंदुकीची ना?

खाणवाला_चंद्रपूर:

हो, बंदुकीची. दुसरी खाणीबाहेर.

तिरकस:

लेख छान आहे, पण अर्लसाहेबांबद्दलचा सूर जरा मऊ लागलाय. "संसार थाटला", "मिरवणं होतं" वगैरे. याच फिट्झविल्यमांची आयर्लंडमध्ये विक्लोला कूलॅटिनची जहागीर होती, ऐंशी हजार एकरांवर. दुष्काळाच्या काळात, १८४७ पासून पुढच्या आठ-नऊ वर्षांत, तिथल्या सुमारे सहा हजार लोकांना जहाजात बसवून कॅनडाला धाडलं. तिकीट अर्लने भरलं म्हणून त्याला दानशूर म्हणणारेही आहेत. घरं पाडून मग तिकीट दिलं, हे ते सांगत नाहीत. एल्सिकारची चाळ आणि कूलॅटिनची रिकामी झालेली शेतं एकाच चोपडीत लिहिलेली आहेत.

आजीची_गोधडी:

तिरकस, मुद्दा बरोबर आहे, पण चाळीचंही बघा ना. त्या काळात खाणकामगार म्हणजे ओलसर खोपट आणि एका खोलीत दोन कुटुंबं. इथल्या रिफॉर्म रोची घरं १८३७ ची, दगडी, मागे अंगण, आणि आजही लोक राहतात. अविवाहित कामगारांसाठी १८५३ मध्ये बांधलेलं वसतिगृह तर लांबून हवेलीच वाटते. आम्ही गेलो होतो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमच्या गिरणगावातल्या खोलीपेक्षा मोठी दिसते की."

तिरकस:

घर मालकाचं, नोकरी मालकाची, चर्च मालकाने बांधलेलं. संपावर जायचं असेल तर रात्री झोपायचं कुठे? चांगली चाळ हा पगाराचाच भाग असतो आणि लगामाचाही.

डोंगरकडा:

तिरकस, कूलॅटिनबद्दल पूर्ण सहमत. पण लगाम म्हणून चाळ कुणीही बांधतो. सिल्कस्टोनला, बार्न्सलीच्या पलीकडे, १८३८ मध्ये हस्कर खाणीत पावसाचं पाणी शिरून २६ मुलं बुडाली. सर्वांत लहान सात वर्षांचं. ती खाण या घराण्याची नव्हती. त्या चौकशीतून पुढे १८४२ चा कायदा आला आणि बायका व दहा वर्षांखालचे मुलगे जमिनीखाली नेणं बंद झालं. त्या परिसरात, त्या दशकात एल्सिकारची घरं वेगळी उठून दिसतात. मला विचाराल तर यात दया कमी आणि इभ्रत जास्त होती. अर्लच्या नावाची खाण, अर्लच्या वाड्यापासून घोड्यावर पंधरा मिनिटांवर, आणि पाहुणे स्टेशनवर जाताना ती बघणार. तिथे उकिरडा ठेवून चालणार नव्हतं. कूलॅटिनला पाहुणे जात नव्हते.

तिरकस:

शेवटचं वाक्य मान्य. दोन्ही हात वर.

रंकाळा:

आमच्या कोल्हापूरची शाहू मिल आठवली. राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये पाया घातला, २००३ मध्ये बंद पडली. संस्थानिकाने स्वतः उद्योग काढला हे साम्य, पण तिथे हेतू राज्यात कापसाची गिरणी यावी हा होता, घराण्याची तिजोरी भरावी हा नव्हे. अख्खं शहर मिलच्या भोंग्यावर चालायचं. वडील अजून "भोंग्याच्या टायमाला" असंच म्हणतात. स्मारकाच्या घोषणा ऐकून कान किटले. हेमिंगफील्डसारखं दहा माणसांनी फावडं घेऊन शनिवारी आत शिरावं असं आपल्याकडे होईल का, हा प्रश्न पडला.

शेंगदाणे:

आपल्याकडे आधी त्या दहा जणांची कार्यकारिणी होईल, मग त्यात फूट.

हिरवा_चाफा:

मला वाड्याचंच कुतूहल जास्त (क्षमस्व!). त्या ओपनकास्टनंतर काय झालं? आणि घराणं आहे का अजून?

डोंगरकडा:

घराण्याची कथा कादंबरीला लाजवेल अशी. सातव्या अर्लचा जन्म १८७२ मध्ये कॅनडाच्या जंगलात झाला, त्यामुळे बाळ बदललंय अशी कुजबुज भाऊबंदांनी आयुष्यभर चालवली. आठवा अर्ल मे १९४८ मध्ये फ्रान्सवरून जाताना विमान अपघातात गेला. सोबत कॅथलीन केनेडी होती, जॉन केनेडींची बहीण. तिचाही त्यात अंत झाला. दहावा अर्ल १९७९ मध्ये वारला आणि किताब संपला. त्याने १९७२ मध्ये घराण्याचे सोळा टन कागद जाळले. तीन आठवडे होळी चालू होती म्हणतात. खाणीच्या हिशेबांचे किती कागद त्यात गेले असतील या विचारानेच माझा जीव खालीवर होतो.

वाड्यात १९५० पासून जवळपास तीस वर्षं मुलींचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज होतं. मग खासगी मालक आले. त्यातल्या शेवटच्या कुटुंबाने खाणींमुळे जमीन खचून वाड्याला तडे गेले म्हणून सरकारी कोल अथॉरिटीकडे १० कोटी पाउंडांची भरपाई मागितली. २०१६ मध्ये दावा फेटाळला गेला. २०१७ मध्ये एका ट्रस्टने ७० लाख पाउंडांत वाडा घेतला. दुरुस्तीत छताचा खर्च मोठा आहे म्हणे. आता दुरुस्ती चालू आहे, २०२४ मध्ये कॅमेलिया हाउस (बागेतलं जुनं काचघर) चहापानासाठी उघडलं.

खाणवाला_चंद्रपूर:

जमीन खचण्याचं सांगतो. कोळसा काढताना खांब सोडले तर वरची जमीन बरीच वर्षं तग धरते. सगळा थर एकदम काढत नेला तर छत मागून पाडतात आणि वरची जमीन काही महिन्यांतच बशीसारखी बसते. मोठा वाडा असेल तर त्याच्या खाली सहसा खांब राखून ठेवतात. पण बशीची कड वाड्याच्या मधून गेली की मग लांब इमारतीची दैना. आणि ६०६ फूट म्हणजे लांबच की! तडा नेमका कशाने पडला हे सिद्ध करायला मात्र जुने खाणनकाशे आणि वर्षानुवर्षांच्या उंचीच्या नोंदी लागतात. त्याशिवाय कोर्टात टिकत नाही, आपल्याकडेही नाही.

राहता राहिला ओपनकास्ट. वरची माती वेगळी, खालचा दगड वेगळा, असं रचलं तर बाग परत करता येते. त्या काळच्या घाईत कितपत केलं असेल शंका आहे. घुग्घुसकडे या कधी, मातीचे डोंगर दाखवतो.

आजीची_गोधडी:

अवांतर: एल्सिकारच्या तलावाबद्दल कुणी लिहिलंच नाही. कालव्याला पाणी पुरवायला बांधलेला तलाव, पण १९१० च्या सुमारास वर्तमानपत्रात फोटो आला आणि शेफील्डची माणसं सुट्टीला "एल्सिकार-बाय-द-सी" म्हणून तिथे लोटली. समुद्र तिथून शंभर किलोमीटर! बाजूला बाग आहे, पोरांना बरी.

डोंगरकडा:

हो, आणि तिथलं आइस्क्रीम चांगलं आहे.

एक राहिलं होतं. ९ जुलै १९१२. राजा पाचवा जॉर्ज वाड्यावर पाहुणा होता आणि खाणकामगारांचं काम बघायला एल्सिकार मेन खाणीत स्वतः खाली उतरला. त्याच दिवशी पहाटे जवळच्या केडबीला स्फोट झाला होता. सुटका करायला गेलेले लोक दुसऱ्या स्फोटात सापडले. एकूण ९१ मृत्यू. संध्याकाळी राजा-राणी केडबीला गेले. केडबी वेगळ्या कंपनीची होती, पण एल्सिकारमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगतात. एल्सिकार मेन १९८३ मध्ये बंद झाली. पुढच्याच वर्षी शेजारच्या कॉर्टनवुड खाणीवरून खाणकामगारांचा तो वर्षभराचा संप पेटला. कॉर्टनवुडला आज काय आहे? सुपरमार्केटं आणि गाड्यांचा वाहनतळ. त्यामुळे एल्सिकारची पडझड मला नशीबवान वाटते.

हिरवा_चाफा:

पुढच्या महिन्यात मँचेस्टरहून येतोय, दोन मुलं (सहा आणि अकरा) घेऊन. एका दिवसात वाडा आणि एल्सिकार दोन्ही होईल का? बूट कसले लागतील?

डोंगरकडा:

होईल, पण वाड्याची आतली फेरी आणि इंजिनची फेरी दोन्ही आधी बुक करा. इंजिनघरात ऐन वेळी कुणालाही सोडत नाहीत, आणि फेऱ्या रोज नसतात. शेफील्डहून बार्न्सलीच्या गाडीने एल्सिकारला उतरा, वीस-पंचवीस मिनिटं. सकाळी एल्सिकार, जेवण, मग चालत वाडा. सहा वर्षांच्या मुलाला तीन किलोमीटर जड जाईल, तर टॅक्सी सांगून ठेवा. कालव्याचा काठ पावसानंतर चिखलाचा असतो, साधे स्नीकर्स वाया जातील. हेमिंगफील्ड एरवी बंद असतं, ओपन डे कधी आहे ते बघूनच तिकडे वळा. नाहीतर कुंपणातून डोकावून परत यावं लागतं.

रंकाळा:

वेळ उरला तर स्विंटन पण करा. याच घराण्याच्या जमिनीवर रॉकिंगहॅम पॉटरी होती. चौथ्या विल्यम राजासाठी जेवणाचा असा काही सेट करायला घेतला की त्यातच कारखाना जेरीला आला आणि १८४२ मध्ये बंद पडला. १८१५ ची वॉटर्लू भट्टी अजून उभी आहे, बाटलीच्या आकाराची. दहा मिनिटांत बघून होते.

हिरवा_चाफा:

धन्यवाद! अकरा वर्षांच्याला इंजिन, सहा वर्षांच्याला आइस्क्रीम, मला वाडा. स्विंटन नवऱ्याला सांगून बघते.

शेंगदाणे:

डोंगरकडा, फोटो?